सातव्या महिन्यातला धूर: बंद करावा की राहू द्यावा?

मोगरा: सिंगापूरला येऊन अकरा वर्षं झाली. एचडीबीच्या सरकारी इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो. चिनी पंचांगाचा सातवा महिना लागला की खाली पत्र्याच्या डब्यांत कागदी नोटा जाळायला सुरुवात होते. पितरांना आणि बेवारस भुतांना पैसा पोचावा म्हणून. माझ्या मुलाला दमा आहे. काल रात्री खिडक्या लावून बसलो, तरी सकाळी दांडीवरच्या कपड्यांवर काळी राख. टाउन कौन्सिलने डबे ठेवलेत, पण काही जण गवतावरच जाळतात. माझं स्पष्ट मत: संत्री ठेवा, भात ठेवा, उदबत्ती लावा, पण एवढ्या दाट वस्तीत कागद जाळणं बंद व्हावं. उद्या आपल्यापैकी कुणी जिन्यात होम केला तरी हेच म्हणेन.

चाफा: मोगराताई, लेकराची काळजी कळते, पण बंदीला माझा ठाम विरोध. आमच्या इमारतीतल्या आजी आधी खडूने जमिनीवर गोल काढतात, त्यात आपल्या माणसांसाठी कागद जाळतात. मग मूठभर कागद गोलाबाहेर टाकतात, ज्यांच्यामागे कुणी उरलं नाही त्यांच्यासाठी. मला आपला धर्मपिंड आठवला. वडिलांच्या श्राद्धाला मी तो दिलाय, म्हणून हे हसण्यावारी नेता येत नाही.

या लोकधर्माला ना एक संस्थापक, ना एक ग्रंथ. तो फक्त कृतीत जगतो. डबा उचलला की आजींच्या हातात काय राहतं? तसाही तो ओसरतोय. इथल्या जनगणनेत १९८० साली ३० टक्के लोकांनी आपला धर्म ताओ, म्हणजे हाच पारंपरिक चिनी धर्म, सांगितला होता, २०२० मध्ये ८.८ टक्क्यांनी. धर्मच नाही म्हणणारे २० टक्के झाले. विझत आलेल्या निखाऱ्यावर आपण पाणी ओतायचं?

रोखठोक: चाफाताई, असहमत. कृती बदलली की श्रद्धा मरते हे पटत नाही. याच महिन्यात भुतांच्या करमणुकीसाठी पूर्वी चिनी संगीतनाटकं व्हायची. आता गेताईच्या, म्हणजे उघड्यावरच्या गाण्यांच्या कार्यक्रमाच्या, मंचावर झगमगीत कपड्यांतल्या गायिका असतात, तरी पहिली रांग भुतांसाठी रिकामीच. जागा गेल्या म्हणून कित्येक देवळं एकत्र आली, निरनिराळे देव एका छताखाली बसले. एवढं सगळं पचवलेला धर्म धुराशिवायही जगेल. फुप्फुसं मात्र बदलून मिळत नाहीत.

चाफा: ते बदल भक्तांनी स्वतः केले किंवा नाइलाजाने सोसले. शेजाऱ्याच्या तक्रारीवरून आलेली बंदी वेगळी. तैपुसम या तमिळ लोकांच्या मुरुगनच्या सणाच्या मिरवणुकीत १९७३ पासून वाद्यांवर बंधनं होती. वाटेवर ठरावीक ठिकाणी वादन सुरू व्हायला २०१६ उजाडलं. तमिळ शेजाऱ्यांना ते किती लागलं होतं, मी घरात बसून ऐकलंय. वॉटरलू स्ट्रीटवर क्वान यिन या करुणेच्या देवीच्या देवळातून निघालेले चिनी भक्त शेजारच्या कृष्णमंदिरासमोरही उदबत्त्या धरून वाकतात. ते बघून आपला ऊर भरून येतो ना? मग त्याच हातांनी इमारतीखाली काडी ओढली की का खुपतं?

मोगरा: कृष्णापुढची उदबत्ती आणि चौथ्या मजल्यावर शिरणारा धूर एक नाही, चाफाताई. पण तुमचं वाचून आज खाली गेले. एक काका जाळत होते, मोडक्या इंग्रजीत मुलाचं सांगितलं. त्यांनी विचारलं, खिडकी कुठली? मी दाखवली. उरलेली थप्पी उचलून ते वाहनतळापलीकडच्या डब्याकडे गेले. जाताना एक संत्रं हातात दिलं, मुलासाठी. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

तरी माझं मत तेच आहे. निदान डबे खिडक्यांपासून लांब हवेत आणि गवतावर जाळणाऱ्याला दंड हवा. काकांनी ऐकलं. वरच्या आठ मजल्यांवर अजून किती दमेकरी असतील, त्यांनी प्रत्येकाने खाली उतरून खिडकी दाखवत बसायचं का?