मदत हवी आहे: पारडीत आमच्या वळणावर रात्रभर ट्रक-ट्रेलर उभे राहतात, अर्ज कुठे करायचा?

नमस्कार. आम्ही नागपुरात पारडीच्या बाजूला, कळमना मार्केटकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत राहतो. संत्र्याचा आंबिया (आंबिया बहाराचा माल) बाजारात यायला लागला की रात्री अकरानंतर आमच्या वळणावर दहाचाकी, चौदाचाकी गाड्या लागतात, मधूनच एखादा रिकामा ट्रेलरही. सकाळी सहाला निघून जातात, पण चाकाखाली लावलेले दगड रस्त्यातच राहतात.

मागच्या आठवड्यात मामाजी पहाटे ॲक्टिव्हावर दूध आणायला निघाले. ट्रेलरच्या मागे ना लाइट, ना रेडियमची पट्टी. अगदी जवळ गेल्यावर तो दिसला, त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि पुढचं चाक अशाच एका दगडावर चढलं. मनगट मोडलं. वय ७१, आता दीड महिना प्लास्टर.

मी एका ड्रायव्हरशी बोलले. तो म्हणाला, "ताई, सकाळी नंबर लागते, तोवर गाडी कुठं नेऊ?" त्याचंही खरं आहे, भांडायचं मनातच आलं नाही. तक्रारीचा फोन केला तर "तिथे नो पार्किंगचा बोर्ड नाही, चालान कसं करणार" असं उत्तर मिळालं. बोर्ड नसेल तर खरंच काहीच करता येत नाही का? आणि बोर्ड हवा असेल तर मागायचा कोणाकडे?

प्रतिसाद:
ताई, आमच्या स्वतःच्या दोन गाड्या आहेत म्हणून सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२२ वाचा. इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी सार्वजनिक जागी उभी ठेवायला मनाई आहे, ट्रेलरचं तर त्यात नाव घेऊन लिहिलंय. बोर्डाची अट कुठेच नाही. शिवाय रस्ता अडवला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. रात्री ११२ ला फोन करा आणि ही कलमं सांगा.

अर्ज वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांच्या नावे करा, प्रत मनपाच्या लकडगंज झोनला द्या. नुसता बोर्ड मागू नका, आमच्याकडे बोर्ड लागला आणि गाड्या चार घरं पुढे सरकल्या. कलम ११५ खाली रात्री त्या गल्लीत जड वाहनांना प्रवेशबंदी मागा. महिनाभरापर्यंतची बंदी राजपत्रात न छापता त्या भागात जाहीर करून लावता येते, म्हणून आधी हंगामातला एकच महिना मागा. त्याच अर्जात कलम ११७ खाली ट्रकांना थांबायला जागा ठरवून द्या, असंही लिहा. हे मुद्दाम सांगतोय. रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसाला पाठ टेकायला, आंघोळीला कुठेतरी जागा लागतेच, ती नसली की तो पुन्हा तुमच्याच वळणावर येणार.

धागाकर्ती:
भाऊ, खूप आभार. ११७ चं मला माहीतच नव्हतं, नक्की लिहिते. आज संध्याकाळी गल्लीतल्या घरोघरी जाऊन सह्या घेते, फोटो तारीख-वेळेसकट आहेत. एकच विचारते, दगडांचं काय करू? मी रोज सकाळी उचलून कुंपणाशी ठेवते, रात्री तेच परत चाकाखाली जातात.

प्रतिसाद:
कुंपणाशी ठेवूच नका, गल्लीबाहेर काढा. ड्रायव्हर भेटला तर लाकडी ठोकळा वापरायला सांगा. तो गाडीतच परत ठेवतात, विकत घेतलेला असतो ना. मामाजींना सांभाळा.