मिरामारची हाफ आयर्नमॅन: धावताना हातपाय गळाले तर रेटायचं की थांबायचं?

ताळगाव_ट्राय

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या मिरामारच्या आयर्नमॅन ७०.३ मध्ये (म्हणजेच हाफ आयर्नमॅन शर्यतीत) पहिल्यांदाच उतरतोय. १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल, २१.१ किमी धावणं. सुटी सुटी अंतरं जमतात. अडतं ते सायकलवरून उतरून लगेच धावताना: पोट डब्ब होतं, जेल (ऊर्जेसाठी घ्यायचं साखरेचं घट्ट पाकीट) नकोसं वाटतं, ७-८ किमीनंतर मांड्यांत गोळे येतात. ‘मन घट्ट कर’ असं सगळेच सांगतात, पण कोणता थकवा रेटून न्यायचा आणि कोणत्या थकव्यात थांबायचं, ते कुणी सांगत नाही. शिवाय पंक्चरमध्ये वेळ गेला तर पुढचं गणित कसं मांडायचं?

मांडवीकाठ

दादा, मन घट्ट करण्याआधी नेमकं काय बिघडलंय ते ओळखायला हवं, कारण प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे.

साखर संपली असेल तर मांड्या फारशा दुखत नाहीत, नुसता जोरच राहत नाही. डोकं जड होतं, चिडचिड होते, सोडून द्यावंसं वाटतं. हा थकवा सगळ्यांत भीतीदायक वाटतो आणि सगळ्यांत लवकर सुटतो. एक जेल पाण्याबरोबर किंवा पेलाभर कोला घ्या, दहा-पंधरा मिनिटं चालत-धावत राहा. तेवढ्या वेळात निर्णय घेऊ नका.

उष्णतेचं वेगळं. वेग तोच, पण नाडी चढतच जाते. आपल्याकडे पाऊस सरल्यावर हवा इतकी दमट असते की घाम निथळतो, सुकत नाही, आणि सुकल्याशिवाय तो अंग थंड करत नाही. इथे जेलचा उपयोग नाही. वेग कमी करा, प्रत्येक पाणी केंद्रावर चालत जा, बर्फ टोपीत, मानेवर आणि दोन्ही मुठींत धरा.

आता पोट. उन्हात रक्त त्वचेकडे आणि स्नायूंकडे वळतं, आतड्यांना कमी पडतं. त्यात घट्ट जेल आणि वर स्पोर्ट्स ड्रिंक असं एकत्र गेलं की पोटातली साखर दाट होते आणि शरीरातलंच पाणी आत ओढते. तेच ते डब्ब होणं. जेल नेहमी साध्या पाण्याबरोबर घ्या. पोट बंद झालंच तर १०-१५ मिनिटं जोर उतरवा, फक्त पाण्याचे घोट घ्या, मग अर्ध्या जेलपासून पुन्हा सुरुवात करा. बहुतेक वेळा मूळ सायकलवर असतं: पहिले ३० किमी जोशात मारलेले असतात. पॉवर मीटर (पेडलवरचा जोर मोजणारं यंत्र) असेल तर एफटीपीच्या, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल अशा जास्तीत जास्त जोराच्या, ७०-७५ टक्क्यांवर राहा. नसेल तर एकेक पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच जोर लावा, बांबोळीच्या चढावरसुद्धा.

गोळे येण्याला फक्त मीठ कमी पडणं कारणीभूत नसतं. सरावापेक्षा जास्त जोर लावला की दमलेला स्नायू आखडतो. थांबून २०-३० सेकंद ताण द्या, मग पावलं आखूड टाकत निघा. ही दुखणी रेटता येतात.

रेटू नये ते हे: उन्हात अंगावर काटा येणं किंवा थंडी वाजणं, तोल जाणं, बोलणं अडखळणं. स्वतःची परीक्षा सोपी आहे. किती किमी उरले आणि त्याला किती वेळ लागेल, याचा हिशेब मनात करा. तो जमत नसेल तर जवळच्या स्वयंसेवकाला हाक मारा. उष्माघातात आधी अंग बर्फाच्या पाण्यात थंड करायचं असतं, बाकी सगळं नंतर.

ताळगाव_ट्राय

खूप मदत झाली. पाणी आणि मीठ किती, हे मात्र अजून कळत नाही. घरचं कोकम चालेल का?

फोंडा_ताई

आधी स्वतःचा घाम मोजा. शर्यतीच्या वेळेलाच, उन्हात, एक तास सराव करा. आधी आणि नंतर अंग पुसून वजन घ्या. कमी झालेले किलो अधिक प्यायलेले लिटर म्हणजे तासाचा घाम. तो सगळा भरून काढायच्या मागे लागू नका, पोट साधारण तासाला ८०० मिलि ते १ लिटरच्या पुढे सहसा सोसत नाही. उलट बोटातली अंगठी घट्ट व्हायला लागली, पोटात पाणी डचमळतंय आणि डोकं ठणकतंय, तर पाणी जास्त झालंय आणि रक्तातलं सोडियम उतरतंय. तेव्हा साधं पाणी बंद करून वैद्यकीय तंबू गाठा. हे जिवावर बेतू शकतं.

कोकम चालतं. ७५० मिलि बाटलीला ४५-५० ग्रॅम साखर आणि सपाट पाव चमचा मीठ. त्यात सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम येतं. पण आगळ (कोकमाचा खारवलेला रस) वापरलंत तर त्यात मीठ आधीच असतं, वरून घालू नका. आंबटपणा काहींना सोसत नाही, म्हणून लांब सरावात करून पाहा. खाण्यापिण्याचं मिळून तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं हे सुरुवातीचं लक्ष्य, ९० पर्यंत जायला आतड्यांना काही आठवड्यांची सवय लागते. ओआरएसवर ऊर्जेसाठी भिस्त ठेवू नका, लिटरभर द्रावणात ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं.

चेन_आणि_ग्रीस

पंक्चरचं मी सांगतो. ट्यूबचा व्हॉल्व्ह रिमच्या खोलीपेक्षा लांब हवा, खोल रिमला ६० किंवा ८० मिमी. मागचं चाक काढण्याआधी चेन सगळ्यांत लहान चक्रीवर आणा. टायरच्या आतून बोटं हळू फिरवून तार किंवा काच शोधा. ती तशीच राहिली तर दुसरी ट्यूबही जाते, आणि घाईत नेमकं हेच राहून जातं. ट्यूबमध्ये तोंडाने थोडी हवा भरून बसवा, दोन्ही बाजूंनी ती टायरखाली चिमटली नाही ना पाहा, मग १६ ग्रॅमचा सीओटू सिलिंडर (हवा भरायची छोटी गॅसची कुपी) वापरा. तो हाताला गोठवतो, कापडात धरा. विमानाने येणाऱ्यांनी सिलिंडर इथेच विकत घ्यावेत, सामानात ते बहुधा अडवले जातात.

गेलेली पाच-दहा मिनिटं पुढच्या १० किमीत वसूल करायला जाऊ नका. तिथेच पोट आणि पाय दोन्ही जातात.

पाण्यात गॉगल निघाला तर उताणं होऊन श्वास लावा, मग गॉगल चढवा. गरज पडली तर सुरक्षा कयाक धरून थांबता येतं, तिच्या आधाराने पुढे मात्र सरकायचं नाही.

फोंडा_ताई

वेळेचं गणित राहिलं. सहसा पोहण्याला १ तास १० मिनिटं, सायकल संपेपर्यंत सुरुवातीपासून साडेपाच तास आणि एकूण साडेआठ तास असा कटऑफ (ओलांडली की बाद होण्याची वेळ) असतो. आपल्या वर्षाचं अ‍ॅथलीट गाइड बघून खात्री करा. अगदी साडेपाच तास भरतानाच सायकल ठेवली तरी तीन तास हातात राहतात. ४ मिनिटं किमीला ७ मिनिटांच्या वेगाने धावणं आणि १ मिनिट किमीला १० मिनिटांच्या वेगाने चालणं, असं धरलं तर सरासरी किमीला साडेसात मिनिटांच्या आतच येते आणि २१.१ किमी सुमारे २ तास ३७ मिनिटांत होतात. उरलेली वीसेक मिनिटं बूट बदलायला आणि बर्फ घ्यायला. ही विभागणी पहिल्या किमीपासूनच सुरू करा, पाय संपल्यावर नाही.

मांडवीकाठ

एक राहिलं. गोळे येतील या भीतीने आधीच आयबुप्रोफेन घेऊ नका. अंगात पाणी कमी असताना ते मूत्रपिंडांवर ताण आणतं, आणि ज्या दुखण्याने थांबायला सांगायला हवं तेही झाकून टाकतं.