प्रकल्पाचा प्रश्न मुलांनीच ठरवायचा आहे, पण गट पुढे सरकत नाहीत : मदत हवी आहे

विज्ञानाच्या_बाई :
नमस्कार. यंदा नागपूरच्या आमच्या शाळेत प्रकल्पाचे विषय शिक्षकांनी वाटून न देता मुलांनी स्वतः प्रश्न शोधावा, स्वतः नियोजन करावे आणि स्वतःच उत्तरापर्यंत पोचावे, असे मी मुख्याध्यापकांकडून मान्य करून घेतले आहे. सुरुवातीला मुले खूश झाली, गट पडले, आणि त्यानंतर काम जागच्या जागी थांबले आहे. बहुतेक गटांनी प्रश्नाऐवजी नुसता मथळा लिहून दिला आहे : ‘नाग नदीचे प्रदूषण’, ‘जागतिक तापमानवाढ’, ‘मोबाइलचे दुष्परिणाम’. पुढे काय करणार असे विचारले की ‘बाई, तुम्हीच सांगा ना काय लिहायचे’ एवढेच उत्तर येते. मी सांगितले तर प्रकल्प माझा होतो आणि गप्प राहिले तर तास वाया जातो. ही कोंडी कशी फोडावी? प्रकल्पाधारित शिक्षण का चांगले हे मला पटलेले आहे, ते कृपया पुन्हा समजावू नये. येत्या शनिवारच्या तासाला नेमके काय करावे, हे ज्यांनी वर्गात केले आहे त्यांच्याकडून हवे आहे.

फळाखडू :
बाई, तुमची अडचण खरी आहे, पण उत्तर देण्याजोगी माहिती तुम्ही दिलेली नाही. इयत्ता कोणती? वर्गात मुले किती आणि एका गटात किती? आठवड्याला किती तासिका मिळतात, त्या सलग आहेत की सुट्या? गुण कोणत्या विषयात धरणार? आणि शेवटी मुलांनी काय सादर करायचे आहे, फाइल, प्रतिकृती की प्रदर्शनात उभे राहून केलेली मांडणी? पाचवीला चालणारा उपाय दहावीला चालत नाही.

निवृत्त_मुख्याध्यापक :
मी माझे मत स्पष्ट सांगतो. तीसेक विषयांची यादी फळ्यावर लिहावी, प्रत्येक गटाने त्यातला एक उचलावा आणि तारीख ठरवून द्यावी. या वयाच्या मुलांना मोकळे सोडले की वर्गातली दोन-चार हुशार मुले राबतात आणि उरलेली त्यांच्या फाइलवर आपले नाव घालतात. काही पालक तर सीताबर्डीच्या बाजारात जाऊन तयार प्रतिकृतीच विकत आणतात. यादी दिली की निदान शिक्षकाला आपण काय तपासतो आहोत हे ठाऊक असते.

मार्गदर्शक_शिक्षक :
बाई, इन्स्पायर-मानकसाठी, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नव्या कल्पनांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेसाठी, नामांकन केले आहे का? शाळेला पाच कल्पना पाठवता येतात आणि निवड झाल्यास विद्यार्थ्याच्या बँक खात्यात १०,००० रुपये जमा होतात. आधार क्रमांक आणि बँक खात्यावरील नाव जुळत नसेल तर पुढे फार त्रास होतो, म्हणून ते आधीच तपासून घ्यावे. शिवाय नववीच्या मुलांना डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेला बसवावे, तेथेही प्रकल्प करावा लागतो.

विज्ञानाच्या_बाई :
@मार्गदर्शक_शिक्षक, आभारी आहे, पण मी स्पर्धेविषयी विचारलेले नाही.
@फळाखडू, इयत्ता नववी, सेमी-इंग्रजी तुकडी. मुले ६२ आहेत आणि गट १०. दोन तासिका मिळतात, दोन्ही शनिवारी सकाळच्या शाळेत सलग. गुणांचे अजून ठरलेले नाही. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाचे २० गुण प्रयोगांसाठीच ठेवावेत असे पर्यवेक्षकांचे म्हणणे आहे. प्रथम सत्र संपण्यापूर्वी पालकांसमोर मांडणी करायची आहे आणि सर्व गटांच्या फाइली एकसारख्या असाव्यात अशी मुख्याध्यापकांची सूचना आहे. आणखी एक सांगायचे राहिले. एका गटाला मारबतीवर, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येथे मिरवणुकीने निघणाऱ्या पुतळ्यावर, काम करायचे आहे. तो विज्ञानाचा विषय कसा धरावा, याबद्दल मी साशंक आहे.

शिक्षणशास्त्र_वाचक :
निवृत्त सरांशी मी आदरपूर्वक असहमत आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली प्रकल्प पद्धतीची मांडणी केली तेव्हा त्यांनी हेतू, नियोजन, कार्यवाही आणि परीक्षण असे चार टप्पे सांगितले होते, आणि त्यातला पहिला टप्पा, म्हणजे हेतू, मुलाचा स्वतःचा असला पाहिजे, हाच त्या मांडणीचा गाभा होता. फळ्यावरच्या यादीतून उचललेला विषय हा गृहपाठ होतो. मुलांना थांबू द्यावे, अडखळू द्यावे, एखादा तास वायाही जाऊ द्यावा.

निवृत्त_मुख्याध्यापक :
वाया गेलेल्या तासाचा हिशेब पालकसभेत शिक्षकाला द्यावा लागतो, पुस्तकाला नाही. ६२ मुलांच्या वर्गात दहा गट दहा दिशांना गेले तर एका शिक्षिकेने कोणाकोणाकडे पाहायचे, हेही कृपया लिहावे.

फळाखडू :
दोघेही टोकाला जात आहेत. ज्या शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूईंच्या विचारांतून किलपॅट्रिक पुढे आले, त्या ड्यूईंनीच १९३८ साली स्पष्ट म्हटले आहे की शिक्षकाने समजुतीने केलेले मार्गदर्शन मुलांच्या स्वातंत्र्याला मदत करते, ते त्याच्या आड येत नाही. तेव्हा ‘सांगावे की न सांगावे’ यापेक्षा नेमके काय सांगावे आणि काय मुलांवर सोडावे, हे ठरवायला हवे. माझ्या वर्गात प्रश्न मुलांचा असतो, त्याचे उत्तरही मुलांचे असते. पण प्रश्नाचा आकार, तारखा आणि पुरावा या तीन गोष्टींवर मी अडून बसतो.

बाई, शनिवारी असे करून पाहा. प्रत्येक गटाला एक कोरा कागद द्या आणि त्यावर फक्त एवढेच लिहून मागा : आम्ही काय मोजणार किंवा कोणाला विचारणार, कोठे, किती वेळा, आणि उत्तर होकारार्थी आले तर काय समजणार, नकारार्थी आले तर काय समजणार. ‘नाग नदीचे प्रदूषण’ या मथळ्याखाली ही वाक्ये लिहिताच येत नाहीत, हे मुलांच्या स्वतःच्याच लक्षात येते. मग कागद शेजारच्या गटाकडे द्यायचा आणि त्या गटाने त्यावर ‘हे तुम्हाला कसे कळेल?’ असा एक प्रश्न लिहून परत करायचा. पहिली तासिका यातच जाईल आणि ती जाऊ द्यावी. दुसऱ्या तासिकेत तुम्ही गटागटांत फिरा, पण दुरुस्ती सुचवू नका; ज्या वाक्याला उत्तर मिळणे शक्य नाही त्याखाली फक्त रेघ ओढा. तापमानवाढीच्या गटाला माझ्या शाळेत अशाच रेघांवरून वाट सापडली होती. वरच्या मजल्यावरचा वर्ग आणि तळमजल्यावरचा वर्ग यांच्या तापमानात दुपारी किती अंशांचा फरक पडतो आणि ढगाळ दिवशी तो कमी होतो का, एवढाच प्रश्न त्यांनी घेतला आणि दोन साध्या तापमापींवर तो पुरा केला. नागपूरच्या उन्हाची सवय असलेल्या त्या मुलांना आपल्याच शाळेच्या स्लॅबबद्दल बोलताना कोणाच्या मदतीची गरज पडली नाही.

जलमित्र :
नाग नदीच्या गटासाठी टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा मीटर, घ्यावा. स्वस्तात मिळतो, पाण्यात बुडवला की लगेच आकडा येतो आणि मुलांना आलेख काढता येतो. गुणांचा प्रश्नही सुटतो, कारण नववीला जलसुरक्षा हा श्रेणी विषय आहेच आणि त्यात प्रकल्प अपेक्षित आहे.

प्रयोगशाळेतून :
टीडीएस मीटरबद्दल सावध करणे मला आवश्यक वाटते. मी कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि दर वर्षी शाळांतली मुले हा मीटर घेऊन आमच्याकडे येतात. तो मीटर पाण्याची विद्युतवाहकता पाहून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि पुष्कळ विहिरींचे स्वच्छ दिसणारे पाणीसुद्धा त्यापुढे जाते. उलट सांडपाणी मिसळलेल्या पाण्याचा आकडा विहिरीपेक्षा कमी आला, तर मुले ‘नदी स्वच्छ आहे’ असा निष्कर्ष काढून मोकळी होतात. नाग नदीची मुख्य अडचण सांडपाण्याची आहे, क्षारांची नव्हे.

शाळेत होण्याजोग्या दोन चाचण्या सांगतो. पहिली गढूळपणाची. उंच काचेच्या नळकांड्याच्या तळाशी बाहेरून पांढरा कागद लावून त्यावर काळ्या शाईने फुली काढावी, वरून पाहत पाणी हळूहळू ओतावे आणि फुली दिसेनाशी झाली की पाण्याची उंची पट्टीने मोजावी. दुसरी चाचणी मिथिलीन ब्लूची. झाकणाच्या बाटलीत पाण्याचा नमुना काठोकाठ भरून त्यात या निळ्या रंगाचे ठरावीक थेंब टाकावेत, आत हवेचा बुडबुडा राहू न देता झाकण लावावे आणि सर्व बाटल्या एकाच जागी अंधारात ठेवाव्यात. सेंद्रिय घाण जितकी जास्त, तितका पाण्यातला प्राणवायू जीवाणू लवकर संपवतात आणि निळा रंग लवकर उडतो. शेजारी नळाच्या पाण्याची बाटली ठेवली की फरक डोळ्यांना दिसतो. मात्र नमुने कोठून घ्यायचे याचा विचार मुलांनी करावा. नदी लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांकडून निघते, अंबाझरी तलावात येते आणि शहर ओलांडून पुढे पिवळी नदीसह कन्हान नदीकडे जाते. तलावाच्या वरचे पाणी आणि वस्तीच्या खालचे पाणी यांची तुलना केली तर त्या कामाला काही अर्थ राहील.

एक_पालक :
मी नववीतल्या मुलीची आई आहे. पावसाळ्यात मुलांना नदीकाठी पाठवायचे का, याचा विचार येथे कोणीच केलेला दिसत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा नदीकाठच्या वस्त्यांत पाणी किती वेगाने शिरले, हे आम्ही पाहिले आहे. शिवाय मुलांच्या प्रकल्पाचा अर्धा खर्च आणि अर्धे काम रविवारी रात्री घरच्यांच्या अंगावर येते. त्याबद्दलही कोणीतरी बोलावे.

प्रयोगशाळेतून :
ताई, तुमचे म्हणणे योग्य आहे. नमुने मुलांनी काठावर उतरून घेऊच नयेत. पुलावरून दोरीला बांधलेल्या बाटलीने शिक्षकांनी किंवा पालकांनी घ्यावेत, हातमोजे वापरावेत आणि पाऊस असेल तर तो दिवस सोडून द्यावा. मोजणी मुलांनी शाळेत करावी.

वर्धेकडचा :
घरच्यांवर काम येऊ नये यावरून आठवले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि नयी तालीम, म्हणजे हातकामातून शिकवण्याची गांधीजींची पद्धत, आकाराला आली. तेथे काम शाळेच्या वेळेतच होत असे आणि सूत किती निघाले, कापूस किती लागला यांतून गणित शिकवले जात असे. सेवाग्रामला आनंद निकेतन ही शाळा आजही त्या वाटेने चालते. बाईंनी मुलांना एकदा तेथे न्यावे असे मला मनापासून वाटते, नागपूरहून अंतर फार नाही.

विज्ञानाच्या_बाई :
सेवाग्रामला नक्की नेईन, पण सहल हा वेगळा विषय आहे. मात्र ‘काम शाळेच्या वेळेतच’ ही गोष्ट मी उचलते. दोन सलग तासिकांत जेवढे होईल तेवढेच, घरी फक्त निरीक्षणाची नोंद. म्हणजे तयार प्रतिकृती येण्याची वाटच बंद होईल. मारबतीच्या गटाबद्दल कोणी लिहाल का? पोळा जवळ येतो आहे आणि मला त्यांना लवकर उत्तर द्यायचे आहे.

निवृत्त_मुख्याध्यापक :
सण हा विज्ञानाचा प्रकल्प होऊ शकत नाही. त्या गटाला इतिहासाच्या शिक्षकांकडे पाठवावे.

महालकर :
सर, मला हे पटत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत बडगे, म्हणजे वाईट गोष्टींवर टीका करणारे पुतळे, असतात, आणि काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची, पिवळ्या मारबतीची १८८५ पासूनची सांगितली जाते. आमच्या भागातल्या मुलांना लहानपणापासून ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी पाठ असते. पण तो पुतळा कशाचा बनतो हे किती जणांनी विचारले आहे? बांबू किती, कागद किती, रंग कोणते, पूर्वी कोणते साहित्य होते आणि ते का बदलले, मिरवणुकीनंतर जाळल्यावर काय उरते, हे सर्व प्रश्न बनवणाऱ्या कारागिरांना विचारता येतात. ते ऐन धामधुमीत बोलणार नाहीत, म्हणून मुलांनी आधीच जावे आणि प्रश्न वहीत लिहून न्यावेत. ज्या गटाने स्वतः होऊन विषय आणला आहे, त्या एकमेव गटाला परत पाठवू नये अशी विनंती आहे.

शिक्षणशास्त्र_वाचक :
महालकरांशी पूर्ण सहमत. दहा गटांत हेतू घेऊन आलेला हाच एक गट आहे. आणि फळाखडू यांच्या कोऱ्या कागदाची कसोटी यांनाही लावावी, हे मला मान्य आहे.

विज्ञानाच्या_बाई :
ठरले. मारबतीचा गट राहील आणि त्यांनाही तोच कागद भरावा लागेल. जलसुरक्षेची श्रेणी सर्वांना लावता येणार नाही, कारण सगळे गट पाण्यावर काम करत नाहीत. यंदा गुणांऐवजी प्रत्येक गटाला लेखी अभिप्राय द्यावा असे मुख्याध्यापकांना सुचवणार आहे. आता एकच अडचण उरते. गटात सहा-सात मुले आहेत, त्यांतली दोघे बोलतात आणि बाकीची पाहत बसतात. आणि फाइली एकसारख्या हव्यात, त्याचे काय करावे?

फळाखडू :
दोन्हींवर एकच तोडगा आहे. फाइलमध्ये एकसारखे असावे ते फक्त पहिले पान, ज्यावर प्रश्न, ठिकाण आणि तारखा असतील. मुख्याध्यापकांना तेवढे पुरते. त्यापुढे प्रत्येक मुलाचे स्वतःच्या हस्ताक्षरातले एक पान दर शनिवारी लावायचे : आज मी काय पाहिले किंवा मोजले, कोठे अडलो, पुढच्या शनिवारी मी काय करणार. ६२ पाने वाचायला वेळ लागतो, म्हणून दर आठवड्याला तीन-चार गटांचीच वाचावीत, पण कोणते गट ते आधी सांगू नये. मांडणीच्या दिवशी पालकांचे प्रश्न गटप्रमुखाने घ्यायचे नाहीत. पालक ज्या मुलाकडे बोट दाखवतील त्याने उत्तर द्यायचे. हा नियम याच शनिवारी, कागद वाटण्यापूर्वी वर्गात सांगून टाका.

एक_पालक :
हा नियम आम्हा पालकांनाही लेखी कळवावा, म्हणजे मुलीला पाठांतर करून पाठवण्याचा मोह आम्हाला होणार नाही.

विज्ञानाच्या_बाई :
पालकांसाठीचे पत्र उद्याच मुख्याध्यापकांच्या सहीसाठी ठेवते. पुलावरून नमुने घेण्याची संमतीही त्यातच मागते. @प्रयोगशाळेतून, मिथिलीन ब्लूचे द्रावण किती टक्क्यांचे करावे आणि २०० मिलिलिटरच्या बाटलीत किती थेंब टाकावेत, तेवढे कृपया कळवावे.