सें-लेओं-स्युर-व्हेझेर (फ्रान्स) : आईबाबांना घेऊन जायचंय, गुहा आणि जेवणाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटी फ्रान्सला जायचं ठरतंय. मी, नवरा आणि माझे आईबाबा. पॅरिसवर इथे ढिगाने धागे आहेत, तेव्हा ते सोडा, मला विचारायचंय ते खाली नैऋत्येला दोर्दोन्यमधल्या सें-लेओं-स्युर-व्हेझेर या गावाबद्दल. गाव एवढंसं आहे, वस्ती काही शेकड्यांत, व्हेझेर नदीच्या वळणात वसलंय, काठाला बाराव्या शतकातलं दगडी छपराचं चर्च, आणि गावाच्या हद्दीत चक्क तिबेटी बौद्धांचं एक केंद्र! तिथे स्वयंपाकघरवालं एक घर भाड्याने बघून ठेवलंय, अजून पैसे भरले नाहीत.

"नीस, स्वित्झर्लंड सोडून तिथे काय बघणार" हे सासर-माहेर दोन्हीकडून ऐकून झालंय. तर कारण बाबा. ते चित्रकलेचे शिक्षक होते, लास्को गुहेत आदिमानवाने रंगवलेले बैल फळ्यावर खडूने एका दमात काढायचे आणि मग अख्खा तास त्याच्यावरच. आणि लास्को या गावापासून गाडीने पंधराएक मिनिटांवर, माँतिन्याकला. आता गंमत अशी की खऱ्या गुहेत कोणालाच सोडत नाहीत. १९४० मध्ये चार पोरांना ती सापडली, १९४८ ला लोकांसाठी उघडली, आणि माणसांच्या श्वासाने आणि दिव्यांनी भिंतींवर हिरवं शेवाळ धरायला लागलं म्हणून १९६३ ला बंद करून टाकली. आता दाखवतात ती प्रतिकृती, लास्को ४, २०१६ पासून. बाबांचं म्हणणं, नक्कल बघायला एवढ्या लांब कशाला, मी घरी काढून देतो.

तर प्रश्न असे :

खरी चित्रं असलेली कुठली गुहा अजून उघडी आहे आणि तिथे चालावं किती लागतं? आईचे गुडघे दुखतात, सपाटीवर ती ठणठणीत चालते पण चढ-उतार नको. गावात रेल्वे स्टेशन नाही म्हणून बोर्दोला गाडी भाड्याने घ्यायचा विचार आहे, नवरा पुण्यात रोज चालवतो पण उजव्या बाजूने कधी चालवलेली नाही, त्या गल्लीबोळांत जमेल का? आणि मुख्य म्हणजे आई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आणि तो सगळा मुलूख बदकांचा. कुकर नेऊ का?

प्रतिसाद

कुकर न्या. खरंच न्या.

गुहांचं सांगतो. बाबांना फों-द-गोम ही गुहा दाखवा, लेझेझी गावाच्या अगदी जवळ. रंगीत चित्रं असलेल्या ज्या थोड्या अस्सल गुहा अजून लोकांना बघता येतात त्यातली ही एक. दगडाच्या फुगवट्यावर बायसनचं पोट आणि खांदा असा बसवलाय की गाइड टॉर्च तिरका करते तेव्हा जनावर भिंतीतून पुढे येतं, चित्रकलेच्या सरांना तेवढ्यासाठी तरी न्याच. पण माणसं मोजूनमापून सोडतात, म्हणून विमानाचं तिकीट काढाल त्याच्या मागोमाग याचं बघा. आईंना मात्र इथे नको, गुहेपर्यंत चढण आहे आणि आत चिंचोळं आहे.

त्यांच्यासाठी रुफिन्याक. छोट्या विजेच्या ट्रेनमध्ये बसवून आत नेतात, वर छतावर काळ्या रेषांत मॅमथ, घोडे, रानबोकड. हीसुद्धा अस्सल. थंडीत बंद असते, सप्टेंबरात चालू असेल. आत तेरा डिग्रीच्या आसपास असतं, स्वेटर हातात ठेवा.

आणि लास्को ४ ला नाक मुरडू नका हो. भिंतीचा उंचसखलपणा जसाच्या तसा उतरवलाय. पाच मीटरहून लांब बैल डोक्यावर आला की नक्कल-बिक्कल डोक्यात राहत नाही. इंग्रजी गाइडची वेळ बघून बुक करा. फक्त क्रम असा ठेवा : आधी लास्को ४, मग फों-द-गोम. उलटं केलंत तर बाबा बरोबर ठरतील.

प्रतिसाद

जेवणाचं मी सांगते, मीही शाकाहारी आहे. बटाटे दिसले म्हणून खुशाल मागवू नका, तिकडचे प्रसिद्ध सार्लादेझ बटाटे बदकाच्या चरबीत परततात. सॅलडवरसुद्धा बदकाची गिझार्डं (पोटातला मांसल भाग) येतात, म्हणजे पेरिगॉर्दिन सॅलड असेल तर येणारच. दुपारी दोननंतर किचन बंद, मग संध्याकाळी सातपर्यंत उपाशी. सार्ला गावचा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो, तिथून टोमॅटो, अक्रोड, ब्रेड, मध भरून घ्या आणि घरीच रांधा. तिथेच एका जुन्या चर्चमध्ये भाजी-चीजचं मार्केट आहे, झाँ नुव्हेल या वास्तुविशारदाने केलेले त्याचे अवाढव्य दरवाजे बघा. बकरीचं रोकामादूर चीज मस्त, पण चीजमधलं रेनेट (दूध विरजायला घालतात ते, बहुधा जनावराच्या पोटातलं) आईंना चालत असेल तरच.

गाडीचं : उजवीकडून चालवायची सवय तासाभरात होते, खरी भानगड वेगळीच. जिथे पाटी-सिग्नल काही नसेल तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो बोळातून का येईना. छोट्या गावांत हे हमखास लागतं. गाडी ऑटोमॅटिक हवी असेल तर आत्ताच सांगून ठेवा. परवान्याचं काय काय लागतं ते एजन्सीकडून लेखी घ्या.

धागाकर्ती

बापरे, दोघांचेही खूप आभार! चरबीतले बटाटे वाचून आईने आत्ताच मेतकूट आणि थालीपीठ भाजणी यादीत टाकली. फों-द-गोमला बाबा आणि नवरा जातील, तेवढा वेळ मी आणि आई लेझेझीत बसू.

अजून एक, किल्ले. कास्तेलनो आणि बेनाक समोरासमोर आहेत, शंभर वर्षांच्या युद्धात एकीकडे इंग्रज, दुसरीकडे फ्रेंच. नवऱ्याला कास्तेलनोची दगड फेकायची यंत्रं बघायचीच आहेत. आईला तिथे चढवायचं कसं?

प्रतिसाद

चढवू नका. ला रोक-गाजाक या गावाहून गाबार मिळते, जुन्या मालवाहू होड्यांसारखी सपाट बोट. दोर्दोन्य नदीतूनच कड्याखालची घरं आणि कास्तेलनो दिसतं. तुम्ही दोघी बोटीत, ते दोघे किल्ल्यावर. नंतर सगळे मिळून मिलांदला जा, तो जोसेफिन बेकरचा वाडा. नाच-गाण्यातली मोठी स्टार, दुसऱ्या महायुद्धात नाझींविरुद्धच्या फ्रेंच प्रतिकारासाठी काम केलं, बारा मुलं दत्तक घेऊन इथे वाढवली, शेवटी कर्जापायी वाडा गेला. २०२१ मध्ये तिला पॅरिसच्या पाँथेऑंमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या थोर माणसांच्या स्मारकात, मान मिळाला. तिचे पोशाख वाड्यात मांडलेत. वाड्यात जिने आहेत, पण बाग छान आहे, आईंना बाकावर बसता येईल.

घराचे पैसे भरण्याआधी मालकाला विचारा, बेडरूम तळमजल्यावर आहे का. तिकडच्या जुन्या घरांत जिने फार उभे असतात.