बाहेरच्या अ‍ॅप स्टोअरला फोनमध्ये जागा द्यावी, अशी सक्ती सरकारने करावी का?

अर्धविराम

माझ्या टेबलावर अ‍ॅपलचाच लॅपटॉप आणि अ‍ॅपलचाच फोन शेजारी शेजारी ठेवलेले असतात. लॅपटॉपवर एखादा प्रोग्राम हवा असला, तर तो बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून मी थेट उतरवून घेतो. ही फाईल इंटरनेटवरून आली आहे, उघडायची का, अशी एक चौकट येते आणि काम सुरू होते. फोनवर मात्र कंपनीच्या स्वतःच्या दुकानात जे मांडलेले आहे, तेवढेच घेता येते. दोन्ही यंत्रे मी पूर्ण पैसे मोजून घेतली आहेत आणि दोन्हींवर माझी छायाचित्रे, पत्रव्यवहार आणि बँकेचे व्यवहार आहेत. तरी एका यंत्रावर मी सज्ञान आणि दुसऱ्यावर अज्ञान बालक, असे का?

युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तिथल्या आयफोनवर बाहेरची अ‍ॅप स्टोअर चालतात. जपानने २०२४ मध्ये केलेला कायदा डिसेंबर २०२५ पासून पूर्णपणे लागू झाला आहे. तरीही माझे मन पुरते तयार होत नाही. वस्तू कशी बनवावी हे सरकारने ठरवू लागावे का, आणि ज्याने बंदिस्त फोन तो बंदिस्त आहे म्हणूनच निवडला, त्याच्या निवडीचे काय, हे दोन प्रश्न मला सुटलेले नाहीत. जाणकारांनी मत द्यावे.

तळटीप

मी बारा वर्षे अ‍ॅप्स बनवतो आहे, त्यामुळे माझे मत तटस्थ नाही, हे आधीच सांगतो. आपल्या लॅपटॉपच्या उदाहरणातच निम्मे उत्तर आहे. ती चौकट येण्यापूर्वी पडद्यामागे बरेच काही घडलेले असते. विकसकाने आपला प्रोग्राम अ‍ॅपलकडे पाठवलेला असतो, घातक कोड आहे का याची तिथे यंत्राकरवी छाननी झालेली असते आणि प्रोग्रामवर विकसकाची डिजिटल सही असते. यांतले काही नसेल, तर लॅपटॉप तो प्रोग्राम सहजासहजी उघडू देत नाही. म्हणजे तपासणी कंपनीची, पण दुकान कोणाचेही. फोनवर ही दोन कामे एकमेकांत अशी गुंतवून ठेवली आहेत, की दुकानाला हात लावला की सुरक्षेवर घाला घातल्याची ओरड करता येते. शिवाय एका अ‍ॅपला दुसऱ्याची माहिती वाचू न देणे, कॅमेऱ्यासाठी परवानगी मागायला लावणे, हा पहारा ऑपरेटिंग सिस्टिमचा असतो. अ‍ॅप कोणत्या दुकानातून आले, हे तो पाहत बसत नाही.

परीक्षण या नावाखाली सुरक्षा किती आणि व्यापार किती, याचा स्वतःचा अनुभव सांगतो. आमच्या एका अ‍ॅपमधल्या गंभीर दोषाची दुरुस्ती असलेली नवी आवृत्ती एका स्टोअरने अकरा दिवस अडवून ठेवली. कारण काय, तर ‘मदत’ या पानाच्या अगदी तळाशी आमच्या संकेतस्थळाचा दुवा होता आणि तिथे तीच वर्गणी थोडी स्वस्त मिळत होती. त्या अकरा दिवसांत दोष असलेली जुनी आवृत्ती लोक त्याच स्टोअरमधून निर्वेधपणे उतरवून घेत होते.

स्पर्धेचा धाक काय करतो, हेही पाहण्यासारखे आहे. जुन्या व्हिडिओ गेम यंत्रांचे एम्युलेटर, म्हणजे त्या यंत्रांची नक्कल करून त्यांचे खेळ फोनवर चालवणारे प्रोग्राम, अ‍ॅपलने आपल्या स्टोअरमध्ये वर्षानुवर्षे येऊ दिले नव्हते. मार्च २०२४ मध्ये युरोपात दार उघडले आणि एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात अ‍ॅपलने नियम बदलून साऱ्या जगासाठी त्यांना परवानगी दिली. त्याच महिन्यात ‘डेल्टा’ हा एम्युलेटर युरोपात ‘ऑल्टस्टोअर पाल’ या बाहेरच्या स्टोअरमधून आणि इतरत्र अ‍ॅपलच्याच स्टोअरमधून लोकांना मिळाला. याला योगायोग म्हणायचे असेल त्याने म्हणावे.

सावधचित्त

तळटीप यांचे म्हणणे विकसकाच्या बाजूने बरोबर आहे. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो. खात्यातून पैसे गेल्याच्या तक्रारी लिहून घेणे हे माझे रोजचे काम आहे.

अँड्रॉइडवर बाहेरचे अ‍ॅप घालण्याची सोय पहिल्यापासून आहे, म्हणून ते कसे घडते ते सांगतो. ‘आपले बिल थकले आहे’ असा संदेश येतो, त्यात एक फाईल असते. फाईल उघडताच फोन बजावतो, की या ठिकाणाहून आलेली अ‍ॅप्स बसवायला परवानगी नाही. सेटिंग्जमध्ये जावे लागते, तिथले एक बटण सरकवावे लागते, मग मागे येऊन पुन्हा होकार द्यावा लागतो. आपल्याला वाटते, की इतके अडथळे पुरेसे आहेत. पण हे सारे चालू असताना फोनच्या पलीकडून कोणीतरी अतिशय अदबीने, ‘आता उजवीकडचे बटण दाबा, घाबरू नका, ती सूचना सगळ्यांनाच येते’ असे सांगत असतो. एका निवृत्त शिक्षिकेने मला सांगितले, की तिने सूचना शब्दन् शब्द वाचली होती, आणि फोनवरच्या माणसाने तीच सूचना तिच्या आधी तोंडपाठ म्हणून दाखवल्यामुळे तिचा विश्वास अधिकच बसला. इशाऱ्याचा उपयोग माणूस एकटा असताना होतो. कानात विश्वासाचा आवाज असताना होत नाही.

चूक केवळ भोळ्या माणसांकडूनच होते असेही नाही. २०१८ मध्ये ‘फोर्टनाइट’ हा खेळ अँड्रॉइडवर आणताना एपिक कंपनीने गूगलचे स्टोअर टाळून स्वतःचा इन्स्टॉलर, म्हणजे खेळ फोनवर बसवून देणारा प्रोग्राम, दिला होता. त्या इन्स्टॉलरमध्ये अशी फट निघाली, की फोनवर आधीपासून असलेले दुसरे एखादे अ‍ॅप खेळाच्या जागी भलतीच फाईल घुसवू शकले असते. एपिकने ती तातडीने बुजवली, हे खरे. पण एवढ्या मोठ्या कंपनीकडून असे होते, तर उद्या उघडणाऱ्या लहानसहान स्टोअरांकडून काय अपेक्षा ठेवायची?

प्रामाणिकपणे हेही नमूद करतो, की माझ्याकडे येणाऱ्या कित्येक प्रकरणांत पैसे गेले ते अधिकृत स्टोअरमधल्याच, दुसऱ्याचा पडदा दूरवरून दाखवणाऱ्या, एरवी निरुपद्रवी अ‍ॅपमुळे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘लास्टपास’ या पासवर्ड सांभाळणाऱ्या अ‍ॅपची ‘लासपास’ नावाची नक्कल खुद्द अ‍ॅपलच्या स्टोअरमध्ये सापडली होती. तेव्हा पहारेकरी डुलक्या घेतो, हे मला मान्य आहे. पण डुलक्या घेतो म्हणून भिंतीला आणखी चार दारे पाडावीत, हे मला पटत नाही. ज्याला मोकळीक हवी त्याने अँड्रॉइड घ्यावा, ज्याला कुंपण हवे त्याने आयफोन घ्यावा, सक्ती कशाला?

उपकलम

‘दुसरा फोन घ्या’ हे उत्तर बाजारात वीसएक पर्याय असते तर मी मान्य केले असते. इथे पर्याय दोन आहेत, आणि एकातून दुसऱ्यात जाताना विकत घेतलेली अ‍ॅप्स मागे सोडावी लागतात. शिवाय विकसकाला ही निवड मुळातच नसते. ग्राहक दोन्हीकडे विखुरलेले असल्यामुळे त्याला दोन्ही दारांशी उभे राहावेच लागते.

मोकळा पर्याय मोकळाच राहील, याची हमीही कोणी दिलेली नाही. प्रमाणित अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप कुठूनही आले तरी त्याच्या विकसकाने गूगलकडे आपली ओळख नोंदवलेली असली पाहिजे, असे धोरण गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले. मुक्त अ‍ॅप्सचे भांडार चालवणाऱ्या एफ-ड्रॉइडने त्याला कडाडून विरोध केला. कंपनीच्या मर्जीवर मिळालेली मोकळीक कंपनीच्या मर्जीने आखडतेही.

दाराची संख्या मोजताना आणखी एका गोष्टीचा विचार व्हावा. एकच दार असले, की ते बंद करायला एकाच माणसाला दम द्यावा लागतो. अ‍ॅपलने २०१७ मध्ये चीनमधल्या स्टोअरमधून व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरची सरकारी बंधने चुकवू देणारी, अ‍ॅप्स हटवली. २०१९ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलनात पोलीस कुठे आहेत हे दाखवणारे ‘एचकेमॅप लाइव्ह’ काढून टाकले. सप्टेंबर २०२१ मध्ये रशियातल्या निवडणुकीच्या वेळी विरोधी नेते नवाल्नी यांच्या समर्थकांचे मतदानविषयक अ‍ॅप अ‍ॅपल आणि गूगल या दोघांनीही उतरवले. अँड्रॉइडवर निदान फाईल हातोहात देता येत होती, आयफोनवर तीही सोय नव्हती. सरकारी सक्तीची भीती बाळगणाऱ्यांनी ही बाजूही तोलावी.

मात्र ‘परवानगी द्या’ एवढे एक वाक्य कायद्यात लिहून काही साधत नाही. दक्षिण कोरियाने २०२१ मध्ये कंपन्यांना स्वतःच्याच पैसे भरण्याच्या व्यवस्थेची सक्ती करायला बंदी घातली. कंपन्यांनी बाहेरची व्यवस्था मान्य केली आणि तिच्यावरही दलाली लावली. अ‍ॅपलने ३० टक्क्यांच्या जागी २६ टक्के घेतले आणि गूगलने ४ टक्के कमी केले. बाहेरच्या व्यवस्थेचा स्वतःचा खर्च धरला, तर विकसकाची काहीच बचत होत नाही. युरोपात अ‍ॅपलने बाहेरच्या मार्गाची वाट धरणाऱ्यांवर, वर्षात १० लाख जणांनी अ‍ॅप बसवल्यानंतर पुढच्या प्रत्येकामागे अर्धा युरो शुल्क लावले. मोफत अ‍ॅप देणाऱ्याने लोकप्रिय होण्याचीच धास्ती घ्यावी, असा हा हिशेब होता. दार उघडे ठेवा म्हटल्यावर उंबरठा छातीएवढा बांधला, तर दार उघडेच असते. म्हणून सक्ती करायचीच असेल, तर शुल्क, इशाऱ्यांची भाषा आणि किती टप्प्यांत अ‍ॅप बसले पाहिजे, या तपशिलांवर नियामकाचा अधिकार हवा.

अर्धविराम

सर्वांचे आभार. सरकारने वस्तू घडवू नये ही माझी शंका पातळ झाली आहे. दुकान आणि तपासणी वेगळी करायला सांगणे, हे वस्तू घडवण्यापेक्षा बरेच मर्यादित काम आहे. पण त्या शिक्षिका डोक्यातून जात नाहीत. उपकलम यांच्या म्हणण्याप्रमाणे टप्पे कमी केले, तर फोनवरच्या त्या अदबशीर माणसाचे काम सोपे होणार नाही का?

सावधचित्त

होईल, म्हणूनच मी विरोधात आहे. पण टप्प्यांची संख्या वाढवून त्याला कधीच अडवता आलेले नाही, हेही माझ्याच अनुभवातून निघते. त्यापेक्षा कॉल चालू असताना सेटिंग्जमधले ते बटण सरकलेच नाही तर? अँड्रॉइडने २०२५ मध्ये अशाच प्रकारची सोय जाहीर केली आहे: अनोळखी व्यक्तीशी फोनवर बोलणे चालू असेल, तर ब्राउझर किंवा संदेशातून आलेले बाहेरचे अ‍ॅप पहिल्यांदा बसवता येत नाही. सही केलेल्या स्टोअरना सुलभ वाट आणि सुट्या फाईलला अशी आडकाठी, असा भेद कायद्यात केला, तर माझा विरोध स्टोअरना राहणार नाही, केवळ संदेशातून येणाऱ्या सुट्या फाईलना राहील. त्या बाईंच्या बाबतीत तिने फोन ठेवला असता, तर पुढचे काही घडले नसते.