कॅल्क्युलेटरला शिव्या घालणे म्हणजे अभिप्राय नव्हे

आकडेबहाद्दर (धागाकर्ता)

निवृत्तीनंतर पैसे किती वर्षं पुरतील हे सांगणाऱ्या एका फुकट ऑनलाइन कॅल्क्युलेटरबद्दल 'मुक्तछंद' यांनी लिहिलं होतं: "एकदम भंकस. एक टक्का इकडेतिकडे केला की वाट्टेल ते आकडे येतात. बनवणाऱ्याला गणित येत नाही." खाली '+१'ची रांग. बनवणाऱ्याने बिचाऱ्याने विचारलं, "कोणते आकडे टाकले होते?" त्यावर उत्तर काय, तर "ते शोधणं तुमचं काम." इथे माझं डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा.

अहो, एक टक्का बदलला की उत्तर बदलणारच! आज १०० लागतात तिथे ६ टक्के महागाईने ३० वर्षांनी ५७४ लागतील, ७ टक्क्यांनी ७६१. यात कॅल्क्युलेटरचा काय दोष? चक्रवाढ अशीच चालते.

खरी चूक दाखवायची तर काय टाकलं, काय आलं आणि तुमच्या हिशेबाने काय यायला हवं होतं, एवढं तरी लिहा. मी मागे अशाच एका कॅल्क्युलेटरवाल्याला कळवलं होतं: दरमहा १०,०००, मुदत ३० वर्षं, वार्षिक परतावा १२ टक्के. तुमचं उत्तर सुमारे ३ कोटी ४९ लाख. तुम्ही १२ ला १२ ने भागून महिन्याला १ टक्का धरलाय, म्हणजे वर्षाला पडले १२.६८ टक्के. खरोखर वर्षाला १२ हवे असतील तर महिन्याला ०.९४९ धरा, उत्तर सुमारे ३ कोटी ५ लाख येईल. ४४ लाखांची हवा होती ती. त्याने सूत्र बदललं, आभारही मानले.

मुक्तछंद

माझ्या नावाने धागा! धन्य झालो. साहेब, मी त्यांचा पगारी परीक्षक नाही. मला लाल अक्षरात दिसलं, 'तुमचे पैसे ८१ व्या वर्षी संपतील.' परतावा अर्धा टक्का वाढवला, तर लगेच हिरव्या अक्षरात 'अभिनंदन, तुम्ही सुरक्षित आहात!' मधलं काही नाहीच. याला गणित म्हणायचं की भविष्य? आणि माझं वय, शिल्लक, पगार अनोळखी माणसाला का द्यायचा?

आकडेबहाद्दर

हे लाल-हिरव्याचं तिथे का नाही लिहिलंत? हा चांगला मुद्दा आहे (हो, म्हणतोय मी). आणि खरी शिल्लक मागतंय कोण? सगळ्या रकमांना एकाच आकड्याने भागा आणि मग कळवा. मध्ये कराचे टप्पे वगैरे नसतील, तर पैसे संपण्याचं वय तेच यायला हवं. नाही आलं, तर तिथेच एक चूक सापडली!

जुना_हिशेबनीस

मूळ दुखणं वेगळंच आहे. यातली बरीचशी यंत्रं दरवर्षी तोच सरासरी परतावा धरतात. १०० घ्या, एक वर्ष ३० टक्के वाढ, एक वर्ष २० टक्के घट. काहीच काढलं नाही तर क्रम कुठलाही असो, शेवटी १०४. आता प्रत्येक वर्षाअखेर १० काढा. आधी वाढ, मग घट: ८६ उरतात. आधी घट, मग वाढ: ८१. सरासरी तीच! निवृत्तीच्या पहिल्या काही वर्षांत बाजार आपटला की माणूस संपला, आणि त्याचा रकाना त्यांच्यात नाही. वर्षानुवर्षं ओरडतोय, ऐकतंय कोण.

पंचवीसपट

काका, त्यासाठीच चार टक्क्यांचा नियम आहे. वर्षाच्या खर्चाच्या २५ पट जमवा, वर्षाला त्यातले ४ टक्के काढा आणि निवांत बसा. कॅल्क्युलेटर हवाच कशाला?

जुना_हिशेबनीस

आलेच! आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांनी १९९४ मध्ये अमेरिकी शेअर आणि सरकारी रोख्यांचे जुने आकडे घेऊन ३० वर्षांच्या निवृत्तीसाठी काढलेला निष्कर्ष आहे तो. पहिल्या वर्षी ४ टक्के काढायचे, पुढे ती रक्कम महागाईप्रमाणे वाढवत न्यायची. दरवर्षी उरलेल्या शिलकीच्या ४ टक्के, असं नव्हे. चाळिशीत निवृत्त होऊन ५० वर्षं जगू पाहणाऱ्याला तो जसाच्या तसा लावायचा नसतो. पण तुम्हाला पाढा पाठ झाला की पुरे.

पंचवीसपट

बरं बाबा, तुम्हीच शहाणे. मी ३० पट करतो, मग तरी झोपू द्याल का?

शुभदा_लिहिते

अवांतर वाटेल, तरी लिहिते. यातलं एकही यंत्र मला माझ्या नवऱ्याचं वय का विचारत नाही? रकाना एकच, 'तुमचे वय'. अपेक्षित आयुर्मान ८५ आधीच भरलेलं. घरात दोन माणसं असतील, तर पैसे पुरायला हवेत ते दोघांतलं शेवटचं माणूस जाईपर्यंत ना?

माझ्या काकांनी सुरेख तक्ता केला होता, स्वतःच्या ८५ पर्यंतचा. काकू त्यांच्याहून ९ वर्षांनी लहान. काका ७८ व्या वर्षी गेले. पेन्शन निम्मी झाली. खर्च निम्मा झाला का? छत तेच, दिवे तेच, औषधं उलट वाढली. ती ७४ ची असताना ठेवी संपल्या. काकांच्या तक्त्यात तिचं वय कुठेही नव्हतं.

आकडेबहाद्दर

ताई, वाईट वाटलं. पण दोन वयं, दोन पेन्शनी, एकाच्या मागे दुसऱ्याला मिळणारा हिस्सा, असे रकाने वाढवत गेलात तर फॉर्म अर्ध्यावर सोडून जातात लोक.

शुभदा_लिहिते

दशांशाच्या तिसऱ्या घरासाठी तुम्ही पत्रं लिहिता आणि एक अख्खा माणूस वगळला तर फॉर्म लांबतो!

पंचवीसपट

काकूंनी वेळीच हिशेबात लक्ष घातलं असतं तर?

शुभदा_लिहिते

तोंड सांभाळून. घरखर्चाची वही आयुष्यभर काकूच लिहीत होती. महिन्याला काय लागतं हा त्या तक्त्यातला एकमेव खरा आकडा, तो तिच्या वहीतून उचललेला. बाकी सगळे काकांचे अंदाज.

मुक्तछंद

ताईंना +१०००. आकडेबहाद्दर, आता यांनाही विचारा, 'कोणते आकडे टाकले होते?'

आकडेबहाद्दर

विचारायची गरजच नाही. त्यांनी कुठला रकाना हवा, का हवा आणि नसला तर काय होतं, हे तिन्ही सांगितलं. तुम्ही मात्र विशेषण देऊन मोकळे झालात.

जुना_हिशेबनीस

भांडण पुरे. कुठलंही कॅल्क्युलेटर तपासायचं तर परतावा आणि महागाई दोन्हीकडे एकच आकडा टाका, समजा ७. वार्षिक खर्चाच्या ३० पट शिल्लक द्या. वाढ आणि महागाई एकमेकींना खाऊन टाकतात, पैसे बरोबर ३० वर्षं पुरले पाहिजेत.

मुक्तछंद

त्याच 'निर्दोष' कॅल्क्युलेटरवर टाकलं. ३२ वर्षं दाखवतोय. कोण म्हणालं बनवणाऱ्याला गणित येतं?

आकडेबहाद्दर

निर्दोष मी कधी म्हटलं? थांबा. वर्षाचा खर्च तो वर्षाच्या शेवटी काढत असणार, तोही पहिल्या वर्षाची महागाई न लावता. ३० गुणिले १.०७ म्हणजे ३२.१. जुळलं! म्हणजे माणूस वर्षभर उधारीवर जेवतो आणि डिसेंबरअखेर जुन्या भावाने बिल चुकतं करतो, असं त्याने धरलंय. शाब्बास, सापडलं की तुम्हाला. आता हेच आकडे त्याला पाठवा.

मुक्तछंद

सूत्र तुम्ही ओळखलंत, तुम्हीच पाठवा. मी सांगितलं ना, मी पगारी नाही.

जुना_हिशेबनीस

आणि सरासरीचं? ते कोण लिहिणार?

पंचवीसपट

काका, तुम्ही. वर्षानुवर्षांचा मजकूर तयारच असेल.

शुभदा_लिहिते

३२ चं काय ते तुम्ही ठरवा. दोन वयांचं मी आत्ताच वेगळं पाठवलंय, तुमच्या पत्रात घालू नका. सोबत काकूच्या वहीतले आकडे दिलेत, शंभराने भागून.