पद्मिनीचं इंजिन जाम, पुली हालूनच नाही राहिली

बाबांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी कार मानेवाड्याला घरी शेडमध्ये नऊ वर्षं उभी होती, आता करायला घेतली तर सेल्फ मारला की नुसता टक आवाज न गप्प. चौथ्या गिअरला टाकून ढकलली तर मागची चाकं घासत जाऊन राहिली. काय करू?

उत्तर: भाऊ, ढकलणं पहिले बंद कर, पिस्टनच्या रिंगा तुटतील. चारही प्लग काढ, टॉर्च मारून पाह. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं तेल) न अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं, प्लगच्या प्रत्येक भोकात दोन-तीन झाकणं, मग चार दिवस हात नको लावू. अ‍ॅसिटोन भडकन पेटते, जवळ बिडीगिडी नको.

उत्तर: मी नुसतं डिझेल टाकलं होतं, आठवडा लागला. क्रँक पुलीच्या बोल्टला पान्यावर लांब पाइप लावून थोडं मागं थोडं पुढं, एकाच बाजूनं जोर मारशील तर बोल्टच जाईल.

उत्तर: सुटलं की प्लगच्या भोकांवर फडकं टाकूनच फिरव, नाहीतर सगळं तोंडावर येते, माझा दिवाळीचा शर्ट गेला त्यात. न चेंबरचं (इंजिनच्या खालचं) ऑइल बदलल्याशिवाय स्टार्ट नाही.

प्रश्नकर्ता: सहाव्या दिवशी पुली बोटभर हालली राजेहो! तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये गंज दिसतो, रविवारी हेड खोलतो.